आठ सर्व्हर आणि सांभाळणारा एकच माणूस: लिनक्सवर साधं मॉनिटरिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कारखान्याच्या ऑफिसात आठ लिनक्स मशीन आहेत. दोन डेटाबेस, तीन वेब, एक मेल, एक फाइल सर्व्हर आणि एक बॅकअपचं. सगळ्यांवर डेबियन हे लिनक्स, सांभाळायला तुम्ही एकटे. काही बंद पडलं की आधी स्टोअरमधून किंवा अकाउंट्समधून फोन येतो, मग तुम्हाला कळतं. नागिओस, झॅबिक्स, प्रोमिथियस या सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या साधनांपैकी काय बसवू आणि कशाकशाला अलर्ट लावू, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकतो. तिन्हींवर काम भागतं. नागिओस यांतलं सगळ्यांत जुनं नाव, १९९९ साली ते नेटसेंट म्हणून आलं. 'चालू आहे की बंद' एवढं ते चोख सांगतं, पण आलेख आणि मागचा इतिहास हवा असेल तर त्याला बाहेरची जोड द्यावी लागते. झॅबिक्समध्ये सगळं एका ठिकाणी मिळतं, स्विच आणि प्रिंटरही एसएनएमपीवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांना त्यांची माहिती विचारायच्या पद्धतीने, सहज जोडता येतात, मात्र त्याच्या पोटातला डेटाबेस आणखी एक सांभाळायची गोष्ट होऊन बसतो. प्रोमिथियस २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये सुरू झालं आणि आज सगळीकडे पसरलंय. तुम्ही प्रोमिथियस घ्या. त्याची पॅकेजेस डेबियनच्या रिपॉझिटरीत, म्हणजे अधिकृत सॉफ्टवेअरच्या साठ्यातच आहेत, कॉन्फिगरेशन साध्या मजकुराच्या फाइलींत राहतं, आणि तुम्ही गावी गेलात तर दुसऱ्या कुणालाही ती फाइल उघडून काय चाललंय ते समजू शकतं. नुसते आलेखच हवे असते तर मी मुनिन सुचवलं असतं. दर पाच मिनिटांनी आकडे गोळा करणारं ते साधन मला अजूनही आवडतं.

पण कृपा करून आज लगेच काही इन्स्टॉल करू नका. आधी एक कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात तुम्हाला कशाकशासाठी फोन आले ते आठवून लिहा. बिल निघत नव्हतं, मेल जात नव्हता, फाइल सेव्ह होत नव्हती, वेबसाइट उघडली की ब्राउझर लाल पान दाखवत होता. प्रत्येकापुढे खरं कारण काय निघालं तेही लिहा. हा कागद म्हणजे तुमच्या अलर्टची यादी. इंटरनेटवरून उचललेल्या तयार नियमांच्या फाइलीत शंभरेक अलर्ट असतात, ते दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून बनलेले असतात. ते जसेच्या तसे लावले की पहिल्या आठवड्यात फोन दिवसभर वाजतो, दुसऱ्या आठवड्यात तुम्ही तो ग्रुप म्यूट करता, आणि तिसऱ्या आठवड्यात खरंच डिस्क भरते.

आता मांडणी. मॉनिटरिंगसाठी नववं मशीन वेगळं ठेवा, आणि वेगळं म्हणजे लोखंडानेच वेगळं. मी एका ठिकाणी मॉनिटरिंगची व्हर्च्युअल मशीन इतर सर्व्हर ज्या एका खऱ्या मशीनवर, म्हणजे होस्टवर, चालत होते त्यावरच ठेवली होती. पावसाळ्यातल्या एका रात्री तो होस्टच बंद पडला. सगळं गेलं, आणि सांगणारंही त्याच्याबरोबर गेलं. सकाळी साडेआठला पहिला माणूस कामावर आला तेव्हा कळलं. तेव्हापासून मी जुना का होईना, स्वतंत्र डेस्कटॉप घेतो. ४ जीबी रॅम आणि एक एसएसडी तुमच्या आकाराला पुष्कळ झाली.

जागा किती लागेल हे अंदाजाने न ठरवता हिशेबाने ठरवा. एका सर्व्हरमागे साधारण १,००० वेगवेगळे आकडे धरा. आठ सर्व्हर, दर १५ सेकंदांनी एक फेरी, म्हणजे सेकंदाला ५३३ नोंदी, दिवसाला सुमारे ४ कोटी ६० लाख. प्रोमिथियस प्रत्येक नोंद दाबून एक ते दोन बाइटांत बसवतं. दोन धरले तरी दिवसाला ९२ एमबी होतात, ९० दिवसांना ८ जीबीच्या आसपास, आणि अख्ख्या वर्षाला ३४ जीबीच्या आत. प्रोमिथियस मुळात १५ दिवसांचाच डेटा ठेवतं, ती मुदत वाढवून एक वर्ष करा. मार्चअखेरीला सर्व्हर का दमतात हे पाहायला मागच्या मार्चचा आलेख हाताशी लागतो, आणि नव्या रॅमची मागणी साहेबांपुढे ठेवताना तर तो फारच कामी येतो.

आठही सर्व्हरवर प्रोमिथियस-नोड-एक्सपोर्टर हे पॅकेज आप्ट या इन्स्टॉल करायच्या कमांडने टाका. ते ९१०० पोर्टवर एक साधं पान उघडतं. ब्राउझरमध्ये पाहिलंत तर ओळीमागून ओळी दिसतील, प्रत्येकीत एक नाव आणि एक आकडा. मॉनिटरिंगच्या मशीनवर प्रोमिथियस आणि अलर्ट पोचवणारा अलर्टमॅनेजर टाका. प्रोमिथियस ठरल्या वेळी प्रत्येकाच्या दारात जाऊन ते पान वाचून येतं. सर्व्हर स्वतःहून काही पाठवत नाही, यात मोठी सोय आहे: बंद पडलेला सर्व्हर 'मी बंद पडलो' असं सांगायला उरत नाही, पण विचारायला गेलेल्याला दार उघडत नाही हे ताबडतोब कळतं. प्रत्येक फेरीला प्रोमिथियस 'अप' नावाचा एक आकडा स्वतः लिहून ठेवतं. पान वाचता आलं तर एक, नाही तर शून्य. तुमचा पहिला अलर्ट हाच.

इथे दोन गोष्टी सांभाळा. ९१०० वरच्या त्या पानाला मुळात पासवर्डही नसतो आणि एन्क्रिप्शनही नसतं. सर्व्हरवर लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल कोणतं आहे, कोणत्या डिस्क आहेत, कोणत्या माउंटवर काय आहे, हे सगळं तिथे उघडं असतं. तेव्हा प्रत्येक सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये ते पोर्ट फक्त मॉनिटरिंगच्या मशीनच्या आयपीलाच खुलं ठेवा. दुसरं म्हणजे, आठही सर्व्हरची नावं मॉनिटरिंगच्या मशीनवरच्या होस्ट्स फाइलीत लिहून ठेवा. तुमचा डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी सांगणारी सेवा, याच आठांपैकी एकावर चालत असेल तर तो एक पडल्यावर आठही पडल्यासारखे दिसतात, आणि त्या गडबडीत खरा आजारी कोण हे शोधण्यात अर्धा तास जातो.

आता अलर्ट. माझा नियम असा की अलर्ट म्हणजे कुणीतरी हातातलं काम सोडून उठायचं. उठून करण्यासारखं काही नसेल तर तो आकडा आलेखात राहू द्या, फोनवर येऊ देऊ नका. 'सीपीयू ९० टक्के' हा सगळीकडे दिसणारा अलर्ट मी कधीच लावत नाही. रात्री बॅकअप दाबताना सीपीयू ९० टक्क्यांवर असणं ही चांगलीच गोष्ट आहे, त्यासाठीच तर तो विकत घेतलाय.

लोड ॲव्हरेजबद्दलही गैरसमज फार आहे. लिनक्समध्ये त्या आकड्यात फक्त सीपीयूची वाट पाहणाऱ्या प्रोसेस नसतात, डिस्कच्या उत्तरासाठी अडकून पडलेल्याही त्यात धरलेल्या असतात. फाइल सर्व्हरचा एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटणारी सेवा, अडकला की वेब सर्व्हरचा लोड ६० दिसतो आणि सीपीयू मात्र निवांत असतो. असं चित्र दिसलं तर वेब सर्व्हर रीस्टार्ट करत बसू नका. पीएस कमांडमध्ये 'डी' अवस्थेतल्या, म्हणजे अशा अडकलेल्या, प्रोसेस पाहा आणि फाइल सर्व्हरकडे जा.

मेमरीचं तसंच. 'फ्री' रकान्यात थोडेच एमबी उरलेले पाहून पुष्कळ जण घाबरतात. लिनक्स रिकामी रॅम फाइलींच्या कॅशसाठी वापरतं आणि गरज पडली की सोडून देतं. पाहायचा तो 'अव्हेलेबल' हा आकडा, २०१४ मधल्या ३.१४ कर्नलपासून तो प्रॉक खालच्या मेमइन्फो फाइलीत मिळतो. तो १० टक्क्यांखाली १५ मिनिटं टिकला तर कळवायला सांगा.

डिस्कवर मात्र जास्त वेळ द्या, कारण छोट्या ऑफिसातली अर्धी दुखणी तिथून निघतात. '८० टक्के भरली' हा अलर्ट बहुतेक वेळा निरुपयोगी असतो. ४ टीबीच्या फाइल सर्व्हरवर २० टक्के म्हणजे ८०० जीबी मोकळे असतात, ते दोन वर्षं पुरतील. उलट २० जीबीच्या रूट पार्टिशनवर एखादा बिथरलेला लॉग उरलेले ४ जीबी एका दुपारीत खातो. म्हणून किती भरली यापेक्षा कोणत्या वेगाने भरतेय ते विचारा. प्रोमिथियसमध्ये 'प्रेडिक्ट लिनियर' नावाचं फंक्शन आहे. गेल्या सहा तासांची चाल पाहून याच वेगाने २४ तासांनी किती जागा उरेल ते सांगतं. उत्तर शून्याखाली आलं आणि आत्ताची मोकळी जागाही २० टक्क्यांच्या आत असली, अशा दोन्ही अटी जोडून अलर्ट लावा. दुसरी अट नसेल तर रोज रात्री बॅकअपच्या तात्पुरत्या फाइली वाढायला लागल्या की तुमची झोप मोडेल. नियम लिहिताना नोड एक्सपोर्टरचा 'फ्री' आकडा न घेता 'अव्हेल' घ्या. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टम साधारणपणे पाच टक्के जागा रूट या मुख्य युजरसाठी राखून ठेवते, ४ टीबीवर ती २०० जीबी भरते. 'फ्री'मध्ये ती दिसत राहते, पण तुमच्या डेटाबेसला ती मिळत नाही.

आयनोडसाठी, म्हणजे डिस्कवरच्या प्रत्येक फाइलीमागे लागणाऱ्या नोंदींसाठी, स्वतंत्र अलर्ट हवाच. पीएचपीच्या सेशन फाइली किंवा मेलची रांग लाखांवर गेली की डिस्कवर भरपूर जीबी मोकळे असूनही 'जागा नाही' असा एरर येतो. डीएफ ही मोकळी जागा दाखवणारी कमांड पाहून माणूस चक्रावतो, डीएफला आयचा पर्याय देऊन पाहिलं की उलगडा होतो.

आणि हार्डवेअर. सॉफ्टवेअर रेड, म्हणजे एक डिस्क गेली तरी काम चालू ठेवणारी डिस्कची जोडणी, वापरत असाल तर प्रॉक खालच्या एमडीस्टॅट फाइलीत एखाद्या डिस्कचा 'यू' जाऊन तिथे आडवी रेघ आली, हे कुणीच पाहत नाही. रेड आपलं काम इमानाने करत राहतं, सगळं सुरळीत चाललेलं असतं, आणि चार महिन्यांनी दुसरी डिस्क जाते. नोड एक्सपोर्टर रेडची अवस्था आपोआप देतो, तिथे अलर्ट लावा. स्मार्टमधले, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्यातले, पाचवा, १९७वा आणि १९८वा हे गुणधर्म, म्हणजे बदललेले, बदलण्याच्या रांगेतले आणि वाचताच न आलेले सेक्टर, यांचे आकडे वाढायला लागले की डिस्क मागवायची वेळ झाली. त्यासाठी नोड-एक्सपोर्टर-कलेक्टर्स हे जोडपॅकेज डेबियनमध्येच आहे.

बॅकअपबद्दल मी जरा आग्रहाने लिहितो. बॅकअप फसला तर अलर्ट, असं लावू नका. बॅकअप यशस्वी झाल्याची बातमी आली नाही तर अलर्ट, असं लावा. फसलेली स्क्रिप्ट बऱ्याचदा 'फसले' असं म्हणण्याच्या ओळीपर्यंत पोचतच नाही. एका ओळखीच्या ऑफिसात ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनची ओळ सर्व्हर बदलताना नव्या मशीनवर घ्यायचीच राहिली होती. स्क्रिप्ट चाललीच नाही, त्यामुळे एररही आला नाही. तीन आठवड्यांनी एक फाइल परत हवी होती तेव्हा ते कळलं, आणि ती फाइल पुन्हा हाताने टंकायला दोन माणसांचे चार दिवस गेले.

उपाय नोड एक्सपोर्टरमध्येच आहे. तो एका ठरावीक फोल्डरमधल्या 'प्रॉम' एक्स्टेन्शनच्या मजकूर फाइली वाचून आपल्या पानात जोडतो. डेबियनवर हे फोल्डर व्हार, लिब, प्रोमिथियस, नोड-एक्सपोर्टर या वाटेवर आहे. बॅकअपच्या स्क्रिप्टच्या अगदी शेवटच्या ओळीत, सगळं नीट झाल्यावरच, त्या क्षणाचा युनिक्स टाइम (सेकंदांत मोजलेली वेळ) आणि बॅकअपचा आकार अशा दोन ओळी तिथे लिहा. आधी दुसऱ्या नावाच्या फाइलीत लिहा आणि मग एमव्ही कमांडने नाव बदला, म्हणजे अर्धवट फाइल वाचली जाणार नाही. नियम असा ठेवा: शेवटच्या यशाला २६ तास, म्हणजे ९३,६०० सेकंद, उलटले की कळव. २४ ठेवलेत तर बॅकअपला एखाद्या दिवशी अर्धा तास जास्त लागला तरी ओरड होईल. एक खाच लक्षात ठेवा. ती फाइलच नसेल तर प्रोमिथियसकडे तुलना करायला काही उरत नाही, आणि मग नियम गप्प बसतो. म्हणून आकडाच गायब असेल तर कळवणाऱ्या 'ॲबसेंट' फंक्शनचा दुसरा नियम जोडीला लावाच. आकाराकडेही पाहा, कालच्या निम्म्याहून लहान बॅकअप हा बॅकअप नव्हे.

बाहेरून दिसणाऱ्या सेवांसाठी ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर टाका. तो ग्राहकासारखा वागतो, पान उघडतो, मेलच्या पोर्टला जोडून पाहतो. वेबसाठी 'सगळं ठीक' असं सांगणारा नुसता २०० कोड पाहून समाधान मानू नका. 'डेटाबेस जोडता आला नाही' असं लिहिलेलं पानही २०० कोडनेच येऊ शकतं. पानात एखादा नेमका शब्द आहे का, हे तपासायला सांगा. वेबसाइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटची मुदतही हाच सांगतो. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि ते आणणारा सर्टबॉट हा प्रोग्राम ३० दिवस उरले की नवं घेतो. तेव्हा २० दिवस उरलेले दिसले याचा अर्थ नूतनीकरण दहा दिवस फसतंय. तिथेच अलर्ट लावा, म्हणजे हाताशी वीस दिवस राहतात.

घड्याळाचं थोडक्यात. आठही मशीनवर घड्याळ जुळवणारं क्रोनी चालू ठेवा आणि वेळेतला फरक मोजा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी घड्याळं जुळवणं आणि लॉग १८० दिवस जपणं आपल्याकडे बंधनकारक झालं आहे, तेव्हा हे तसंही करायचंच आहे. आणि प्रोमिथियस सगळा हिशेब यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत करतं हे विसरू नका. रात्री साडेबाराचा तुमचा बॅकअप त्याच्या लेखी आदल्या संध्याकाळी सातला झालेला असतो. 'फक्त ऑफिसच्या वेळेत' असे नियम लिहिताना हा साडेपाच तासांचा फरक भल्याभल्यांना चकवतो.

वीज हा आपल्याकडचा मोठा मुद्दा, तो परदेशी लेखांत सापडत नाही. एमआयडीसीत देखभालीसाठी वीज बंद असते त्या दिवशी यूपीएस किती तग धरतो, हे मोजलंत तर निम्मी चिंता मिटेल. यूएसबी किंवा नेटवर्क असलेला यूपीएस असेल तर नट हे पॅकेज त्याची बॅटरी, लोड आणि उरलेली मिनिटं सांगतं. बॅटरी कमी झाली की सर्व्हर रीतसर बंद करायची सोयही त्यात आहे. मॉनिटरिंगचं मशीन आणि इंटरनेटचा राउटर दोन्ही यूपीएसवर हवेत. राउटर भिंतीतल्या साध्या सॉकेटवर असेल तर वीज गेल्याचा अलर्ट ऑफिसच्या बाहेरच पडणार नाही.

अलर्ट पोचवायचा कसा? स्वतःच्या मेल सर्व्हरवरून पाठवू नका. तोच पडला तर ती बातमी त्याच्याच रांगेत अडकेल. अलर्टमॅनेजरला टेलिग्रामवर थेट पाठवता येतं, सुरुवातीला ते पुरेसं आहे. गेटवेवरून एसएमएस पाठवायचा तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या डीएलटी या नोंदणी व्यवस्थेत कंपनीची, हेडरची (पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि मजकुराच्या टेम्प्लेटची नोंदणी लागते. मनात आलं आणि पाठवला असं होत नाही, म्हणून ते नंतर पाहा. अलर्टमॅनेजरमध्ये ग्रुपिंग जरूर लावा. स्विच गेला की आठ सर्व्हरचे आठ मेसेज येण्याऐवजी आठ नावांचा एक मेसेज यावा. न सुटलेल्या अलर्टची आठवण मुळात दर चार तासांनी येते, ती तशीच राहू द्या. मेसेजमध्ये सर्व्हरचं नाव, काय झालं आणि पहिली कमांड कोणती चालवायची, हे मराठीत लिहा. रात्री दोनला झोपेतून उठलेल्या माणसासाठी ते लिहायचं असतं.

राहिला प्रश्न, या पहारेकऱ्यावर पहारा कुणाचा. कायम चालू राहील असा एक खोटा अलर्ट बनवा, ज्याची अट नेहमीच खरी असते, आणि तो दर पाच मिनिटांनी ऑफिसबाहेरच्या एखाद्या जागी पाठवत राहा. हेल्थचेक्ससारखी सेवा चालेल, किंवा तुमच्या घरच्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर चालणारी छोटी स्क्रिप्टही चालेल. पंधरा मिनिटं ठोका ऐकू आला नाही की बाहेरचा तुम्हाला फोन करेल. ऑफिसची वीज गेली, इंटरनेटची लाइन तुटली, मॉनिटरिंगचं मशीनच बसलं, या तिन्ही गोष्टी एवढ्या एका युक्तीने कळतात.

आलेखांसाठी ग्राफाना घ्या, ३००० पोर्टवर चालतं. नोड एक्सपोर्टरचा सगळ्यांत प्रसिद्ध तयार डॅशबोर्ड १८६० क्रमांकाचा आहे, तो आयात केलात की काम झालं. भिंतीवर मोठा टीव्ही लावून आलेख दाखवायचा मोह टाळा. चार दिवसांनी तिकडे कुणी पाहत नाही.

सगळं बसल्यावर एका शनिवारी दुपारी, साहेबांना सांगून, एका वेब सर्व्हरची नेटवर्क केबल काढा आणि घड्याळ लावा. पंधरा सेकंदांत फेरी चुकेल, 'अप' शून्यावर तीन मिनिटं राहायची अट तुम्ही घातलेली असेल, ग्रुपिंगसाठी आणखी तीस सेकंद थांबणं होईल. म्हणजे चार मिनिटांच्या आसपास फोन वाजायला हवा. नाही वाजला तर याच क्रमाने शोधा: प्रोमिथियसच्या टार्गेट्स पानावर तो सर्व्हर लाल दिसतो का, अलर्ट्स पानावर नियम पेंडिंगवरून (थांबलेला) फायरिंगवर (वाजलेला) गेला का, अलर्टमॅनेजरच्या ९०९३ पोर्टवर तो पोचला का, आणि तिथून पुढे टेलिग्रामचा टोकन, म्हणजे मेसेज पाठवायची गुप्त किल्ली, बरोबर आहे का. मग केबल लावा आणि 'सुटलं' असा मेसेज येतो का तेही पाहा. त्यानंतर फॲलोकेट (fallocate) कमांडने एका चाचणीच्या पार्टिशनवर मोठी फाइल बनवून डिस्कचा नियम तपासा, बॅकअपची प्रॉम फाइल तात्पुरती हलवून 'ॲबसेंट'चा नियम तपासा, आणि शेवटी मॉनिटरिंगच्या मशीनचाच प्लग काढून बाहेरचा पहारेकरी जागा आहे का ते पाहा. यातली कोणती पायरी अडली ते इथेच लिहा, नियमाची ती ओळ जशीच्या तशी टाका, आपण पाहू.